न वाजलेल्या नोटिफिकेशनचा जाब

वडापावची गाडी असो, भाजीचा गाळा असो की गावातलं सलून, क्यूआर कोडच्या शेजारी आज एक लहानसा स्पीकर दिसतोच. गिऱ्हाइकानं पैसे पाठवले की तो रक्कम मोठ्यानं सांगतो, मराठीतसुद्धा सांगतो. या साउंडबॉक्सला स्वतःचं सिमकार्ड असतं, स्वतःची बॅटरी असते आणि बऱ्याच ठिकाणी त्याचं महिन्याचं भाडं दुकानदाराच्या खात्यातून कापलं जातं. त्याच दुकानदाराच्या खिशात स्मार्टफोन असतो, पैसे घेण्याचं अ‍ॅप त्यात असतं आणि पैसे जमा झाले की कळवणं हे त्या अ‍ॅपचं कामच असतं. तरी त्या कामासाठी दुसरं यंत्र भाड्यानं घ्यावं लागतं. याला कारणं अनेक आहेत. तळणाऱ्याचे हात पिठात असतात, मालकाचा फोन मालकाबरोबर आणि गल्ल्यावर बसलेला मुलगा वेगळा असतो, खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही भेटतात. पण गिऱ्हाईक समोर उभं आहे त्या दहा-पंधरा सेकंदांत फोनवर नोटिफिकेशन येईलच अशी खात्री असती, तर यातली बरीच कारणं गळून पडली असती. स्मार्टफोनच्या एका अपयशावर बाजारानं शोधलेला हा इलाज आहे, आणि त्याचे पैसे ज्याला सगळ्यात कमी परवडतं तो भरतो आहे.

अ‍ॅपच्या सर्व्हरवरून नोटिफिकेशन पाठवण्याचं काम जे करतात, त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ‘नोटिफिकेशन आलंच नाही’ ही सगळ्यात अवघड. अ‍ॅप बंद पडलं तर क्रॅशचा अहवाल मिळतो, पैसे अडकले तर व्यवहार क्रमांक असतो, पान उघडलं नाही तर एरर दिसते. न आलेलं नोटिफिकेशन कसलीच खूण ठेवत नाही. ज्याला ते यायला हवं होतं त्याला ते येणार होतं हेच ठाऊक नसतं, आणि कळतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर तर ते ‘यशस्वी’ म्हणून नोंदलेलं असतं. या विषयावर बोलताना लोक उशिराबद्दल बोलतात आणि तिथेच अडकतात. थोडाफार उशीर, काही नोटिफिकेशन अडवली जाणं हे अटळ आहे, बऱ्याचदा योग्यही आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. अडवण्याचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो, तो नोंदवणं सहज शक्य असतं, आणि तरी तो पाठवणाऱ्यालाही सांगितला जात नाही आणि ज्याच्या फोनवर घेतला गेला त्यालाही नाही.

नोटिफिकेशन अ‍ॅपच्या सर्व्हरवरून थेट फोनवर येत नाही. फोनमधल्या प्रत्येक अ‍ॅपनं आपापल्या सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवली तर बॅटरी तग धरणार नाही, म्हणून फोन एकच जोडणी उघडी ठेवतो. आयफोन अ‍ॅपलच्या सर्व्हरशी ठेवतो, अँड्रॉइड फोन गूगलच्या. अ‍ॅपलची ही सेवा २००९ मध्ये सुरू झाली, गूगलची २०१० मध्ये. गूगलची सेवा नाव आणि रूप बदलत २०१६ पासून फायरबेस क्लाउड मेसेजिंग म्हणून चालते. कामात तिला सगळे एफसीएमच म्हणतात. बँकेचा इशारा असो, रेल्वेचं तिकीट असो की शाळेचा निरोप, सगळ्यांना या दोनपैकी एका दारातून जावं लागतं. अ‍ॅपचा सर्व्हर संदेश दारात देतो आणि त्याला उत्तर मिळतं, ‘स्वीकारला’. ही पोच नाही. फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर अ‍ॅपल एका अ‍ॅपचं एकच नोटिफिकेशन राखून ठेवतं आणि बाकीची सोडून देतं. एफसीएम शंभरपर्यंत संदेश साठवतं. मर्यादा ओलांडली की साठवलेले सगळेच टाकून देतं आणि फोन पुन्हा जोडला गेल्यावर काही संदेश गेले एवढंच अ‍ॅपला कळवतं. फोन चालू असला तरी निश्चिंत होता येत नाही. बराच वेळ वापर नसलेली जोडणी मोबाइल नेटवर्क परस्पर तोडतं आणि फोननं पुढच्या वेळी चाचपून पाहेपर्यंत ते त्याला कळत नाही. कचेरीच्या किंवा वसतिगृहाच्या वाय-फायवर ठरावीक पोर्ट बंद ठेवलेले असले, तर वेबसाइट उघडते, व्हिडिओ चालतो आणि नोटिफिकेशन मात्र रखडू शकतं. वापरणाऱ्याच्या लेखी ‘नेट तर चालू आहे’.

हे सगळं समजून घेता येतं. रेडिओ, नेटवर्क, साठवण यांच्या मर्यादा कोणीच पूर्ण ओलांडू शकत नाही. फोनच्या आत जे ठरवलं जातं ते मात्र वेगळं आहे. २०१५ साली अँड्रॉइड ६ बरोबर डोझ आलं. फोन चार्जरवर नाही, हलत नाही, स्क्रीन बंद आहे, असं काही काळ राहिलं की फोन गाढ झोपेत जातो. साधे संदेश तेव्हा थांबवले जातात आणि अधूनमधून एकगठ्ठा सोडले जातात. झोप लांबेल तसं दोन सोडण्यांमधलं अंतरही वाढतं. ‘हाय प्रायॉरिटी’ म्हणून पाठवलेला संदेश मात्र झोपेतही पोहोचतो. ही रचना चांगली आहे आणि गूगलनं ती स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलेली आहे. पण भारतात खपणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनांचा कारभार गूगलच्या नियमांवर संपत नाही. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी, सॅमसंग यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी वाचवण्याची आपापली वेगळी व्यवस्था असते. यातल्या चिनी कंपन्यांच्या कडकपणाला इतिहास आहे. चीनमध्ये गूगलच्या सेवा चालत नाहीत, म्हणजे ती एकच सामाईक जोडणीही नाही. तिथे प्रत्येक अ‍ॅप बॅकग्राउंडला स्वतःची सेवा चालवत राहिलं, एक अ‍ॅप दुसऱ्याला उठवू लागलं आणि फोन कंपन्यांना अशी अ‍ॅप सक्तीनं बंद करावी लागली. सामाईक व्यवस्था उभी करण्यासाठी २०१७ मध्ये तिथे युनिफाइड पुश अलायन्स स्थापन करावा लागला, इतका तो गोंधळ होता. त्या परिस्थितीतून आलेली सक्ती इथल्या फोनांतही राहिली. इथे गूगलची जोडणी व्यवस्थित चालते आणि एवढ्या सक्तीची गरज कधीच नव्हती.

याचा परिणाम अ‍ॅपच्या मदतकक्षात बसणाऱ्यांना तोंडपाठ असतो. सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅप्स उघडा, आमचं अ‍ॅप शोधा, ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीमध्ये ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा, मग रिसेंट अ‍ॅप्समध्ये जाऊन अ‍ॅपला कुलूप लावा. कंपनी बदलली की वाट बदलते, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की त्याच कंपनीच्या फोनवरही बदलते. ‘डोन्ट किल माय अ‍ॅप’ नावाचं एक संकेतस्थळ आहे, अ‍ॅप बनवणाऱ्यांनीच चालवलेलं. कोणत्या कंपनीचा फोन अ‍ॅप किती निष्ठुरपणे मारतो आणि त्यावर तोड काय, याची कंपनीवार माहिती तिथे आहे. अशा संकेतस्थळाची गरज पडावी हाच पुरेसा पुरावा आहे. त्याहून बोलका पुरावा फोनमध्येच सापडतो. फोन यूएसबीनं लॅपटॉपला जोडायचा, लॉगकॅट, म्हणजे फोनच्या आतल्या नोंदींचा प्रवाह, उघडायचा, रिसेंट अ‍ॅप्समधून अ‍ॅप वर सरकवून बंद करायचं आणि सर्व्हरवरून एक संदेश पाठवायचा. काही फोनांत अ‍ॅप असं सरकवणं म्हणजे त्याला ‘फोर्स स्टॉप’ करण्यासारखंच असतं. सरकणाऱ्या ओळींत संदेश आल्याची नोंद दिसते आणि लगेच पुढे रिझल्ट म्हणून ‘कॅन्सल्ड’. म्हणजे संदेश सर्व्हरवरून निघाला, गूगलच्या दारातून गेला, हवेतून आला, फोनमध्ये शिरला आणि अ‍ॅपच्या उंबरठ्यावर रद्द झाला. ज्या नेटवर्कला आपण दोष देतो त्यानं आपलं काम चोख केलेलं असतं. स्क्रीनवर यातलं काहीही उमटत नाही.

आयफोनची गोष्ट वेगळी आहे. तिथे अ‍ॅप मारणारा दुसरा कोणी नाही; नियम एकाच कंपनीचे आणि सगळ्या आयफोनांवर सारखे. दिसणारं नोटिफिकेशन अ‍ॅप बंद असलं तरी येतं. पडद्याआड अ‍ॅपला जागं करणाऱ्या मूक संदेशांचा मात्र तिथेही भरवसा नाही. ते तासाला दोन-तीनपेक्षा जास्त पाठवू नका असं अ‍ॅपलच सांगतं, आणि वापरणाऱ्यानं अ‍ॅप वर सरकवून बंद केलं असेल तर ते पोहोचतच नाहीत. २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर फोकस आणि ठरल्या वेळी एकत्र येणारा सारांश आला, त्याबरोबर नोटिफिकेशनच्या चार पायऱ्याही आल्या. सगळ्यात वरची ‘क्रिटिकल’ पायरी फोन सायलेंट असतानाही वाजते, पण ती वापरायला अ‍ॅपलची खास परवानगी लागते. मला ही पद्धत अँड्रॉइडपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, कारण नियम आधीच कळतात. पण ती महाग फोनाच्या मालकालाच मिळते, आणि सार्वजनिक सुरक्षेचा इशारा म्हणजे काय हे एका खासगी कंपनीनं ठरवावं हेही मनाला पटत नाही.

या सगळ्यातली मला सगळ्यात गंभीर वाटणारी बाब अजून सांगायची आहे. कोणतं अ‍ॅप महत्त्वाचं हे ठरवताना अँड्रॉइड बहुतांशी एकच गोष्ट पाहतं, ते तुम्ही किती वेळा उघडता. अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅपची वापरानुसार प्रतवारी होते. कमी उघडलं जाणारं अ‍ॅप खालच्या गटात जातं आणि त्याला बॅकग्राउंडला काम करायला कमी वाव मिळतो. अँड्रॉइड १२ पासून काही महिने न उघडलेलं अ‍ॅप गोठवलं जातं: त्याच्या परवानग्या काढून घेतल्या जातात आणि तातडीचा शिक्का मारलेलं नोटिफिकेशनसुद्धा त्याला मिळत नाही. गप्पांच्या आणि खरेदीच्या अ‍ॅपसाठी हा निकष ठीक आहे. इशाऱ्याच्या अ‍ॅपसाठी तो उलटा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ पाहा. आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सावध करतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या वळवात आणि पुढे पावसाळ्यात रानात काम करणाऱ्यांसाठी याहून उपयोगी अ‍ॅप सांगता येणार नाही. पण पाऊस सरला की दिवाळीपासून चैत्रापर्यंत ते कोण उघडेल? उघडायचं कारणच नसतं. जे अ‍ॅप वर्षातून मोजक्या वेळीच बोलणार आणि तेव्हा जीव वाचवणार, ते फोनच्या हिशेबात निरुपयोगी ठरतं. हे गोठवणं बंद करणारं एक बटण अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर असतं खरं, पण वळवाच्या आधी तिथे जाऊन ते पाहायला हवं हे शेतकऱ्याला कोणी सांगितलं आहे?

यावर पहिला आक्षेप बॅटरीचा, आणि तो खरा आहे. काही अक्षरांचा संदेश घेण्यासाठी रेडिओ जागा झाला की तो पुढे कितीतरी सेकंद जागा राहतो. शंभर अ‍ॅपना मोकळं सोडलं तर संध्याकाळपर्यंत फोन हातात उरणार नाही. दिवसातून काही तास वीज जाणाऱ्या गावात बॅटरी टिकणं ही चैन नाही, गरज आहे. मी अडवू नका असं म्हणतच नाही. अडवलेल्याची एक ओळ लिहून ठेवायला बॅटरी लागत नाही, एवढंच म्हणणं आहे. दुसरा आक्षेप अ‍ॅप बनवणाऱ्यांवर बोट दाखवतो, आणि तेही योग्यच आहे. सवलतीच्या जाहिराती तातडीचा शिक्का मारून पाठवणारे आम्हीच लोक आहोत, म्हणजे आमचा व्यवसाय आहे. गूगल आता असे संदेश पाहतं आणि ज्यातून वापरणाऱ्याला दिसेल असं काही निष्पन्न होत नाही त्यांची तातडी उतरवतं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी लागते, आयफोनवर ती पहिल्यापासूनच मागावी लागत होती. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण जाहिरातीच्या अपराधाची शिक्षा बँकेच्या इशाऱ्याला का, आणि झाली तर तसं कळवायला काय हरकत आहे, याचं उत्तर या आक्षेपात नाही.

तिसरा आक्षेप असा की महत्त्वाच्या गोष्टीसाठी एसएमएस आहे, फोन आहे, नोटिफिकेशनवर विसंबायचंच कशाला. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये नेमकं हेच धरून चाललं. फसवणुकीच्या व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवणाऱ्या त्या परिपत्रकात बँकांनी एसएमएस इशारे देणं बंधनकारक केलं. त्रयस्थानं केलेली फसवणूक बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकानं कळवली, तर त्याला तोटा सोसावा लागत नाही. ‘कळल्यापासून’ म्हटलं की कळणं हीच कायद्याची घटिका झाली. पण व्यवहारात पाऊल उलट दिशेनं पडतं आहे. २०२४ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेनं यूपीआयच्या लहान रकमांचे एसएमएस बंद केले: शंभर रुपयांखालचा खर्च आणि पाचशेखालची जमा. दिवसाला शेकडो लहान व्यवहार होताना प्रत्येकाला एसएमएस पाठवणं परवडत नाही, हे मान्य. पण म्हणजे लहान रकमेची माणसं पुन्हा नोटिफिकेशनच्याच भरवशावर आली. ‘एसएमएस आहे ना’ हे उत्तर दरवर्षी थोडं थोडं कमी खरं होत जाणार आहे.

कळवणं शक्य नाही असं कोणी म्हणालं तर ते मात्र मान्य करता येत नाही. एफसीएम अ‍ॅप बनवणाऱ्यांना एकत्रित टक्केवारी देतं: इतके संदेश डोझमुळे उशिरा गेले, इतके फोन ऑफलाइन असल्यानं, इतके अ‍ॅप फोर्स स्टॉप असल्यामुळे टाकून दिले. म्हणजे कारण माहीत असतं, मोजलं जातं, वर्गवारी करून मांडलं जातं. एखाद्या विशिष्ट माणसाचा विशिष्ट इशारा कुठे गेला, एवढंच कोणाला सांगितलं जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन टिकांवर सगळ्यांचा विश्वास बसला, कारण ते अ‍ॅप दारातल्या ‘स्वीकारला’वर थांबत नाही, संदेश फोनमध्ये पोहोचल्याची पोच स्वतः परत मागवतं. त्यासाठी लागणारं मनुष्यबळ जिल्हा परिषदेच्या शाळेचं अ‍ॅप बनवणाऱ्या लहान कंपनीकडे नसतं. तिला मिळालेली खालची व्यवस्थाच बोलकी हवी. अँड्रॉइड ११ मध्ये नोटिफिकेशन हिस्टरी आली, ती हवी तर सेटिंग्जमधून चालू करता येते. त्यात आलेली आणि हातानं पुसली गेलेली नोटिफिकेशन दिसतात. त्याच पानावर ‘आली पण दाखवली नाहीत’ असा आणखी एक रकाना हवा: अ‍ॅपचं नाव, वेळ, कारण आणि ‘यापुढे अडवू नका’ असं बटण. सहा पायऱ्यांची ती वाट, जी आज मदतकक्षाला फोनवर समजावून सांगावी लागते, एका ओळीत येईल.

एक शंका यातून निघते ती खासगीपणाची. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी तिथल्या न्याय खात्याला पत्र लिहिलं आणि सरकारं अ‍ॅपल व गूगलकडून पुश नोटिफिकेशनच्या नोंदी मागवतात हे उघड झालं. अशात नोंदी वाढवायच्या का? सर्व्हरवर नकोतच. मी म्हणतो ती यादी फोनमध्येच राहावी, फोनच्या मालकालाच दिसावी, काही दिवसांनी आपोआप पुसली जावी. अडवण्याचा निर्णय फोनमध्ये होतो, तर त्याची नोंद बाहेर जायचं कारण नाही.

कंपन्या आपणहून हे करतील का, याबद्दल थोडी आशा ठेवायला जागा आहे. नियम पाळून बनवलेल्या अ‍ॅपच्या फोरग्राउंड सेवा नव्या आवृत्तीपासून मध्येच बंद होणार नाहीत, असं सॅमसंगनं २०२३ मध्ये गूगलबरोबर जाहीर केलं. बाकीच्यांना सांगावं लागेल, आणि सांगण्याचा अधिकार आपल्या सरकारनं याआधी वापरलेला आहे. १ जानेवारी २०१७ पासून पॅनिक बटणाशिवाय मोबाइल फोन विकता येणार नाही असा नियम दूरसंचार विभागानं केला. २०२३ मध्ये आपत्तीच्या इशाऱ्यासाठी सेल ब्रॉडकास्टची देशभर टप्प्याटप्प्यानं चाचणी झाली तेव्हा खिशातले फोन एकाएकी मोठ्यानं वाजले. टॉवरवरून थेट येणाऱ्या त्या संदेशाला अ‍ॅप लागत नाही आणि बॅटरी सेव्हर त्याला अडवत नाही. पूर, चक्रीवादळ यांसाठी ही सोय उत्तम आहे. बँकेच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या निरोपांना ती मिळणार नाही आणि मिळूही नये. त्यांच्यासाठी अडवलेल्या नोटिफिकेशनची यादी दाखवणारं पान सक्तीचं करावं. ते मराठीत वाचता यावं, पहिल्या स्क्रीनवरून एका टिचकीत उघडावं, आणि तीन महिने न उघडलेलं अ‍ॅप गोठवायच्या आधी फोननं मालकाला त्याचं नाव घेऊन विचारावं.